लिनक्समध्ये दुसरा डीव्हीडी ड्राइव्ह दिसेना, काय करू?

पहिला उघडतोय आणि दुसरा नाही म्हणताय, तर आधी प्रॉक, सिस, डेव्ह, सीडीरॉम या वाटेवरची इन्फो फाइल कॅट करून बघा, म्हणजे टर्मिनलमध्ये cat /proc/sys/dev/cdrom/info द्या, कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) सापडलेले सगळे ड्राइव्ह त्यात असतात, पहिला एसआर० आणि दुसरा एसआर१. एसआर१ तिथंच नसेल तर सॉफ्टवेअरमागं लागू नका, पॉवरची पिन, साटा केबल (ड्राइव्ह मदरबोर्डला जोडणारी) आणि बायोसमधला (कॉम्प्युटर सुरू होतानाच्या सेटिंगमधला) तो पोर्ट चालू आहे का बघा. जुना आयडीई (रुंद पट्टीच्या केबलचा) ड्राइव्ह असेल तर त्याच्या मागचा जंपर, म्हणजे मास्टर-स्लेव्ह ठरवणारी छोटी क्लिप बघा, एका केबलवर दोन्ही मास्टर चालत नाहीत, एक स्लेव्ह पाहिजे. खानापुरातल्या आमच्या भजनी मंडळाच्या सीड्या कॉपी करताना माझं ह्यातच अडलेलं.

एसआर१ दिसत असेल तर बहुतेक परवानगीचं असतंय, युजरला सीडीरॉम ग्रुपात घाला आणि लॉगआउट करून परत या, नाहीतर फरक पडत नाही. माउंटला, म्हणजे डिस्क फोल्डरला जोडून उघडताना, दुसऱ्या ड्राइव्हला फोल्डर वेगळा द्या. आणि गाण्यांची ऑडिओ सीडी माउंट होतच नाही बघा, तिच्यात फाइलसिस्टिमच नसते, ती रिप करावी लागते, म्हणजे गाणी फाइल करून उतरवून घ्यावी लागतात, ड्राइव्ह बिघडला समजून बेळगावला नेऊ नका.

रीबूटनंतर एसआरचे नंबर उलटेसुलटे झाले तर डेव्ह-डिस्कमधल्या बाय-पाथ फोल्डरातलं (/dev/disk/by-path) नाव वापरा, ते पोर्टावरून ठरतंय.