गेटवर वस्तू काढून घेतली? आधी पावती

सोलापूरच्या होम मैदानावरच्या तिकिटाच्या कार्यक्रमात गेटवरच्या माणसाने बॅग उपसली, पॉवर बँक ठेवून घेतली, आता सगळे हात वर करतायत, असं तुम्ही लिहिलंय. दुखणं ओळखीचं आहे. (मी वकील नाही. प्रकरण वाढलं तर वकील गाठा.)

हात कुणाचा होता? खाजगी सुरक्षारक्षकाला पोलिसांचे अधिकार नसतात. तुमची संमती असेल तरच तो बॅग बघू शकतो. नाही म्हणालात तर तो आत सोडणार नाही, पण जबरदस्तीने खिसे चाचपले तर गुन्हा त्याच्यावर. पोलिसांचं वेगळं. पोलीस आयुक्तांचा महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(१) खाली मनाई आदेश असेल, तर शस्त्रं, स्फोटकं, फेकायचे दगड ते काढून घेऊ शकतात. त्यात पॉवर बँक कुठे बसते, देव जाणे. आणि अटकेतल्या बाईचीही झडती बाईनेच घ्यायची, असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (बीएनएसएस) कलम ४९ सांगतं. मग तिकीट काढून आलेल्या बाईच्या अंगाला पुरुष रखवालदार हात लावतोच कसा?

सगळ्यात महाग पडतं ते वस्तू टेबलावर सोडून पावतीशिवाय आत जाणं. मग आयोजक सुरक्षा एजन्सीकडे बोट दाखवतो, एजन्सी पोलिसांकडे, आणि पोलीस म्हणतात पंचनामाच नाही तर मुद्देमाल कसला? कार्यक्रमाला परवानगी देणाऱ्या कार्यालयाची तर गंमतच. अर्ज ठेवून घेतात, पोच मागितली की साहेब मीटिंगमध्ये. आवक क्रमांक नसलेला अर्ज म्हणजे रद्दी.

म्हणून त्याच रात्री गेट, वेळ, रक्षकाच्या ओळखपत्रावरचं एजन्सीचं नाव लिहून ठेवा. सकाळी आयोजक आणि पोलीस ठाणे दोघांनाही पत्र द्या: सीसीटीव्ही चित्रण राखून ठेवा. दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. मनाई आदेशाची प्रत १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकारात मागा, पण उत्तराला ३० दिवसांची मुदत असते, तोवर चित्रण पुसलं जाऊ शकतं. म्हणून पत्र आधी. तिकीट विकत घेतलंय, तेव्हा १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवरही नोंद करा.

एक गैरसमज मात्र नको. झडती बेकायदा ठरली म्हणून सापडलेली वस्तू पुराव्यातून आपोआप बाद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये पूरणमल प्रकरणात सांगितलंय. तेव्हा खिशातला अडकित्ता घरीच ठेवा. पान बाहेर टपरीवर मिळतं.