पद्मिनीचे इंजिन घरी उघडावे का?

तेलात पाणी उतरते, चढावर गाडी तापते आणि गॅरेजवाले थेट इंजिन उतरवून बोरिंग (सिलिंडर आतून कापून मोठे करणे) करू म्हणतात, हे आपले वर्णन वाचून माझ्या प्रीमियर पद्मिनी मोटारीचे दिवस आठवले, म्हणून सविस्तर लिहीत आहे. मी व्यवसायाने मेकॅनिक नाही. प्रत्यक्ष गाडी पाहिल्याशिवाय दिलेला हा सल्ला आहे, हे कृपया ध्यानात घ्यावे.

माझ्या मते हेडपर्यंतचे, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणापर्यंतचे, काम घरी करावे. क्रँक (पिस्टन फिरवतात तो दांडा), बेअरिंग आणि बोअर (सिलिंडरचे भोक) यांना हात लावू नये. 1089 सीसीच्या या इंजिनाचे हेड अ‍ॅल्युमिनियमचे आणि ब्लॉक (सिलिंडर असलेला मुख्य ठोकळा) ओतीव लोखंडाचा असल्यामुळे गाडी फार तापली की हेड वाकण्याचा धोका असतो, आणि वाकलेल्या हेडखाली नवे गॅस्केट (हेड व ब्लॉक यांच्यामधली, गळती रोखणारी पट्टी) टिकत नाही. सरळ पट्टी व फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावून हेड तपासावे, फेसिंगला (पृष्ठभाग सपाट करायला) देतानाच तडा आहे का तेही पाहून घ्यावे. त्याआधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरांतला दाब, मोजावे. शेजारच्या दोन सिलिंडरांचे कमी भरले, तर बहुधा त्यांच्यामधले गॅस्केट गेलेले असते. सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडल्यावर आकडा वाढला, तर दोष पिस्टनच्या रिंगांचा समजावा. टॉर्क रेंच (बोल्ट ठरावीक जोरानेच आवळणारा पाना) नसेल, तर मात्र हेड उघडूच नये.

माझे खरे नुकसान केले ते एका मशीन शॉपने. नाव लिहीत नाही. ब्लॉक केवळ मापण्यासाठी दिला असताना त्यांनी न विचारता बोअर वाढवला आणि कागदाच्या चिठोऱ्यावर माप लिहून ‘पिस्टन तुम्ही आणा’ असे सांगितले. कुर्ल्याच्या कारखान्यातून पद्मिनी निघणे थांबून दोन दशके उलटली आहेत. त्या मापाचे पिस्टन आणायचे कोठून, याचा विचार बोअर कापण्यापूर्वी करायला नको होता का? पुष्कळ शोधूनही संच मिळाला नाही, तेव्हा चारही सिलिंडरांत स्लीव्ह (आतून बसवायची नळी) घालून मूळ मापावर यावे लागले, आणि तो सारा खर्च माझ्या माथी आला. म्हणून कळकळीने सांगतो, पिस्टन हाती येऊन त्यांचे माप घेतल्याशिवाय ब्लॉक कोणाच्याही मशीनवर चढू देऊ नका, आणि काय करायचे, काय नाही, ते पावतीवर लिहून घ्या.

कोणी दुसरा ब्लॉक बसवण्याचा सल्ला दिला, तर इंजिन क्रमांक बदलेल आणि आरटीओत त्याची नोंद करून घ्यावी लागेल, हेही हिशेबात धरावे.