कुंडीतला वाटाणा आणि एका खोलीतली आठ वर्षं

प्रश्न : लघुपटात वाटाण्याचा कोंब चार बोटं वाढताना दहा सेकंदांत दाखवायचा आहे. कॅमेऱ्याने दर अर्ध्या तासाला फोटो काढून जोडले, पण चित्र लुकलुकतं आणि रोप थरथरतं. काय चुकतंय? (एक वाचक, सातारा)

उत्तर : दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, १९१२ मध्ये, कुंडीतल्या वाटाण्यावरच हा प्रयोग केला होता. ‘अंकुराची वाढ’ दाखवूनच त्यांनी पुढच्या चित्रपटासाठी पैसा उभा केला. तेव्हा विषय उत्तम निवडलाय!

हिशोब तुम्ही बरोबर केला असणार. सेकंदाला २५ फ्रेम (एकेक स्थिर चित्र), म्हणजे दहा सेकंदांना २५०. चित्रण पाच दिवस चालेल असं धरून त्यांची ७,२०० मिनिटं या फ्रेममध्ये वाटली की २९ मिनिटं येतात. पण वाटाण्याचा शेंडा सरळ वर जात नाही. तो साधारण तास-दीड तासात एक घेर घेत वाढतो. अर्ध्या तासाच्या फोटोंत त्या घेराचे दोन-तीनच तुकडे सापडतात, तीच तुमची थरथर. दर पाच मिनिटांनी फोटो घ्या. १,४४० होतील. संकलनात सलग सहा-सहा फोटो एकमेकांत मिसळून एकेक फ्रेम करा. २४० फ्रेम, म्हणजे दहा सेकंदांना जरा कमी, आणि रोप डोलल्यासारखं दिसेल.

लुकलुकीसाठी आधी एक्स्पोजर (किती उजेड घ्यायचा), आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता), व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल), फोकस सगळं मॅन्युअल, म्हणजे हाताने ठरवलेलं, करा. तरी राहिली, तर दोष ॲपर्चरच्या (लेन्समधल्या उजेडाच्या भोकाच्या) पात्यांचा. दर फोटोला ती तंतोतंत त्याच जागी मिटत नाहीत. कडी फिरवून ॲपर्चर ठरवायची जुनी लेन्स मिळाली तर प्रश्नच मिटतो. नाहीतर ॲपर्चर पूर्ण उघडं ठेवा आणि फोकसमध्ये जास्त भाग राहावा म्हणून कॅमेरा मागे घ्या.

खिडकी काळ्या कापडाने बंद करून एकच एलईडी दिवा सतत चालू ठेवा, तोही कुंडीच्या वर, किंचित पुढे. बाजूला ठेवलात तर रोप तिकडे झुकून फ्रेमबाहेर जाईल. शटरचा वेग १/५० सेकंद किंवा त्याहून मंद ठेवा, म्हणजे विजेच्या ५० हर्ट्झचे पट्टे येणार नाहीत. पंखा बंद. पाणी वरून घालू नका, माती खचून चित्र उडी मारतं. कुंडीखालच्या ताटलीत घाला. रात्रभर भिजवलेले चार-पाच दाणे एका ओळीत पेरा, त्यातला एक तरी सरळ येतो. कॅमेरा बॅटरीवर नको, ॲडॉप्टरवर चालवा. वीज जात असेल तर इन्व्हर्टरही हवा.

प्रश्न : ‘आठ वर्षांनंतर’ अशी पाटी न लावता त्याच खोलीत काळ गेलेला कसा दाखवावा? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : कॅमेरा जागचा हलू न देता दोन शॉट घ्या आणि दोन सेकंदांच्या डिझॉल्व्हने (एक चित्र विरत दुसरं उमटतं, त्या जोडाने) जोडा. ट्रायपॉडच्या तिन्ही पायांखाली टेपच्या खुणा करा. उंची, कल आणि लेन्स लिहून ठेवा, स्टॅबिलायझर (चित्राची थरथर आपोआप सावरणारी सोय) बंद करा. दाराची चौकट केसभर जरी सरकली तरी प्रेक्षकाला जोड दिसतो आणि आठ वर्षं गेल्याचं पटत नाही. नटाला दाढी असेल तर दाढीचा भाग आधी चित्रित करा, मग तुळतुळीत.

बदल दोन-तीनच ठेवा, पण वर्षं लागणारे : स्विचबोर्डभोवती हातांचा मळ, कॅलेंडर काढलेल्या जागी भिंतीचा ताजा चौकोन, दाराच्या कडेला मुलाची उंची मोजत वर वर चढत गेलेल्या पेन्सिलखुणा. चौकोनासाठी भिंतीला कागद चिकटवून भोवती अगदी पातळ चहाचं पाणी स्पंजने टिपा आणि वाळल्यावर कागद काढा. ऑइलपेंटवर मात्र हे पाणी धरत नाही, ओघळतं.