टाइल आणि काँक्रीट दोन्हीसाठी एकच डायमंड ब्लेड चालेल का? माझं ब्लेड नवं असूनही कापेनासं झालंय

तुमचं ब्लेड संपलेलं नाही. काँक्रीटचा ब्लॉक मस्त कापत होतं, पोर्सेलिन टाइलला लावल्यावर थोड्याच वेळात नुसतं घासायला लागलं, ठिणग्या उडाल्या, कड मात्र जवळपास नव्यासारखी जाड आहे, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे ते गुळगुळीत झालंय. आणखी जोर लावू नका, त्याने फक्त ब्लेड तापेल.

हे ब्लेड करवतीसारखं कापत नाही, झिजवतं. त्याच्या कडेला धातूत कृत्रिम हिऱ्यांचे बारीक कण घट्ट बसवलेले असतात. वरचे कण झिजले, मोडले की त्यांना धरून ठेवणारा धातूही झिजायला हवा, तरच खालचे ताजे कण बाहेर येतात. तो धातू झिजवतं कोण? तुम्ही कापताय तो मालच. ब्लॉक, ताजं काँक्रीट, वालुकाश्म यांचा भुगा खरखरीत असतो, तो धातू भराभर खातो. पोर्सेलिन आणि ग्रॅनाइटचा भुगा पिठासारखा, त्याने कडक धातू झिजतच नाही. वरचे हिरे सपाट होतात आणि धातू चकाकायला लागतो.

म्हणून निवड वाटते त्याच्या उलटी करायची. माल कडक तर धातू मऊ, माल मऊ पण खरखरीत तर धातू कडक. उलट केलंत तर पोर्सेलिनचं ब्लेड ब्लॉकवर बघता बघता झिजून संपतं, आणि काँक्रीटचं ब्लेड पोर्सेलिनवर तुमच्या ब्लेडसारखं नुसतं घासत राहतं. पाकिटावर कोणत्या मालासाठी ते लिहिलेलं असतं, तेवढं वाचलं तरी पुरे. ‘सगळ्यासाठी एक’ असं लिहिलेलं ब्लेड किरकोळ कामाला ठीक आहे; घरभर टाइल बसवायच्या असतील तर मी दोन वेगळी घ्यायला सांगेन.

सध्याचं ब्लेड जागं करायला वाळू-सिमेंटचा ब्लॉक, मऊ वीट किंवा टाकाऊ ग्राइंडिंग स्टोन घ्या आणि त्यात हलक्या हाताने काही उथळ काप मारा. कडेवरून बोट फिरवा (अर्थात मशीनचा प्लग काढून आणि ब्लेड गार झाल्यावर). खरखर लागली की झालं. ब्लेडवरचा बाण मशीनच्या फिरण्याच्या दिशेने आहे ना, हेही बघा. प्रत्येक हिऱ्याच्या मागे धातूचा छोटासा आधार तयार झालेला असतो. ब्लेड उलटं बसवलं की तो आधार जातो आणि हिरे लवकर निखळतात.

कडेच्या आकाराचं सोपं आहे. खाचा असलेली तुटक कड विटा आणि काँक्रीटसाठी: वेग चांगला, काप ओबडधोबड. सलग कड टाइलसाठी, शक्यतो पाण्यासोबत. टर्बो, म्हणजे सलग पण दातेरी कड, या दोन्हींच्या मधली. पोर्सेलिनला जाळीदार टर्बो कडेचं, दीड मिलिमीटरच्या आतलं पातळ ब्लेड मला सगळ्यात आवडतं.

टाइलच्या कपच्या ब्लेड जिथून बाहेर पडतं त्या बाजूला उडतात. हातातल्या मार्बल कटरमध्ये ब्लेडची पुढची कड खालून वर येते, म्हणून नेमकी चकचकीत बाजूच खराब होते. आधी दोन मिलिमीटर खोल चीर मारून घ्या, मग त्याच रेषेत पूर्ण कापा. शेवटचे दोन-तीन सेंटिमीटर अगदी सावकाश, आणि टाइलला खालून सपाट आधार हवाच. एल आकाराचा काप असेल तर आतल्या कोपऱ्यात आधी भोक पाडा, नाहीतर तिथूनच तडा जातो. वळणावर ब्लेड तिरकं दाबू नका. मधली स्टीलची चकती वाकली की ते पुन्हा सरळ चालत नाही.

कोरडं कापताना दर काही सेकंदांनी ब्लेड बाहेर काढून मोकळं फिरू द्या, हवेने गार होतं. स्टील निळसर पडलं किंवा खाचेच्या तळाशी चीर दिसली तर ते ब्लेड टाकून द्या, इथे काटकसर नको. ‘फक्त पाण्यासोबत’ असं लिहिलेलं ब्लेड कोरडं चालवू नका.

ब्लेडवर लिहिलेला कमाल आरपीएम (मिनिटाला फेरे) मशीनपेक्षा जास्त हवा. २३० मिलिमीटरच्या ब्लेडवर साधारण ६,६०० असतो आणि लहान ग्राइंडर ११,००० च्या आसपास फिरतो. म्हणून गार्ड काढून लहान मशीनवर मोठं ब्लेड बसवणं म्हणजे ते फुटायची वाट बघणं.

धुळीचं मात्र गांभीर्याने घ्या. या धुळीत सिलिका असते, ती फुप्फुसात साचून सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार होतो आणि त्यावर बरं करणारा इलाज नाही. रुमाल बांधून उपयोग नाही, चेहऱ्याला नीट बसणारा एन-९५ किंवा त्याहून चांगला मास्क लागतो. पाणी वापरलंत तर धूळ बरीच बसते, पण मग त्या लाइनला आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) हवा आणि केबलचा जोड ओल्या जमिनीवर नको.