वाचक विचारतात : खडीने राखलेला रेल्वेमार्ग

प्रश्न : माझी मुलगी इंग्लंडमध्ये एक्सेटरला राहते. तिच्याकडे गेलो असताना आम्ही रेल्वेने ओकहॅम्प्टन या डेव्हन परगण्यातील बाजारपेठेच्या गावी जाऊन आलो. मार्ग १९७२ साली बंद झाला आणि २०२१ साली पुन्हा सुरू झाला, असे तेथे समजले. गावापुढील पुलावरून मात्र सायकली जाताना दिसल्या. एकाच मार्गाचा एक भाग जिवंत राहिला आणि दुसरा का गेला? आणि मधल्या एकोणपन्नास वर्षांत रूळ कोणी उखडले कसे नाहीत? – एक सेवानिवृत्त शिक्षक, सातारा

उत्तर : आपल्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे आणि ते गावापासून जेमतेम तीन-चार किलोमीटरवर, मेल्डन येथील दगडाच्या खाणीत सापडते.

लंडन अँड साउथ वेस्टर्न रेल्वे या कंपनीची गाडी १८७१ साली ओकहॅम्प्टनला पोहोचली. कंपनीला जायचे होते प्लिमथ या दक्षिण किनाऱ्यावरील बंदराच्या शहराला, आणि वाटेत डार्टमूरचे उजाड, खडकाळ पठार आडवे होते. म्हणून मार्ग पठाराच्या उत्तर कडेने चढवत नेला. मेल्डनजवळचा या मार्गाचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे २९० मीटर उंचीवर आहे. गाव नदीकाठी खाली आणि स्थानक वर टेकडीच्या अंगाला, ही आपल्या पायांना जाणवली असेल ती चढण या आखणीतूनच आली. पुढे १८७४ साली वेस्ट ओकमेंट नदीच्या दरीवर लोखंडी पूल उभा राहिला. हा सुमारे ४६ मीटर उंचीचा पूल दगडी कमानींऐवजी जाळीदार लोखंडी खांबांवर तोललेला आहे, आणि तसले पूल ब्रिटनमध्ये आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच उरले आहेत. आपण सायकली पाहिल्या त्या याच पुलावर.

रुळांखाली घालण्याजोगा कठीण दगड मेल्डनला मुबलक होता. १८९७ पासून रेल्वेने तेथे स्वतःची खाण चालवली आणि दक्षिण इंग्लंडातील कितीतरी मार्गांवर येथलीच खडी पडली. लंडनच्या वॉटर्लू स्थानकाहून सुटणारी 'अटलांटिक कोस्ट एक्स्प्रेस' ही गाडी ओकहॅम्प्टनवरून जात असे आणि तिचे डबे वाटेत सुटे होऊन समुद्रकाठच्या निरनिराळ्या गावांना रवाना होत. ती १९६४ च्या सप्टेंबरात शेवटची धावली. १९६३ साली ब्रिटिश रेल्वेचे अध्यक्ष डॉ. रिचर्ड बीचिंग यांचा रेल्वेच्या काटकसरीविषयीचा अहवाल आला होता आणि त्या दशकात तोट्यातील मार्ग भराभर बंद होत होते. ओकहॅम्प्टनपलीकडे ब्यूड आणि पॅडस्टोकडे जाणाऱ्या शाखा १९६६ साली गेल्या. टॅव्हिस्टॉकमार्गे प्लिमथकडे जाणारा भाग मे १९६८ मध्ये बंद झाला आणि तेथले रूळ उचलले गेले. अखेर जून १९७२ मध्ये एक्सेटर ते ओकहॅम्प्टन ही प्रवासी गाडीही थांबली.

येथे एक भेद लक्षात घ्यावा लागतो, कारण आपल्या प्रश्नाची किल्ली त्यात आहे. प्रवासी गाडी बंद होणे आणि मार्ग बंद होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माणसे बसने जाऊ लागली तरी खडीला बसने नेता येत नाही. मेल्डनहून खडीच्या मालगाड्या एक्सेटरच्या बाजूने बाहेर पडत, म्हणून खाणीपर्यंतचे रूळ राहिले. पुलापलीकडे नेण्यासारखा माल नव्हता, म्हणून तेथे रूळही राहिले नाहीत. दूरदृष्टीने राखून ठेवलेला मार्ग असे कौतुक अलीकडे कानी पडते, त्यात मला फारसे तथ्य वाटत नाही. राखला तो खडीच्या गरजेने. खाणीबरोबर हा मार्गही पुढे खाजगी मालकीकडे गेला, आणि २०११ साली खाणीचे काम थांबले तरी रूळ जागच्या जागी होते.

तोपर्यंत लोकांनीही या मार्गाचा हात सोडला नव्हता. १९९७ पासून डेव्हन परगणा परिषदेच्या पाठबळावर उन्हाळ्यातील रविवारी एक्सेटरहून गाडी येत असे आणि जुने स्थानक नीटनेटके केले गेले होते. मालधक्क्याच्या जुन्या कोठारात आज युवा पर्यटकांचे वसतिगृह आहे. मग फेब्रुवारी २०१४ मधील वादळात डॉलिश येथे एक्सेटरहून प्लिमथला जाणाऱ्या मुख्य मार्गाची समुद्रालगतची भिंत कोसळली आणि प्लिमथ व त्यापलीकडचा कॉर्नवॉल परगणा सुमारे दोन महिने रेल्वेने तुटले. त्या काळात डार्टमूरच्या कडेने जाणाऱ्या जुन्या मार्गाचे नाव पुन्हा सर्वांच्या तोंडी आले.

सरकारने बंद मार्ग उघडण्याची योजना आखली, तेव्हा पहिला मान ओकहॅम्प्टनला मिळाला तो रूळ अस्तित्वात होते म्हणूनच. पण जुने रूळ जसेच्या तसे चालण्याजोगे नव्हते. सुमारे अकरा मैलांचे नवे रूळ आणि काँक्रीटचे चोवीस हजार स्लीपर घालण्यात आले, आणि खाली २९,००० टन खडी पसरली गेली. २० नोव्हेंबर २०२१ रोजी नियमित गाडी सुटली. काम चार कोटी पौंडांच्या आसपास, म्हणजे ठरलेल्या रकमेपेक्षा सुमारे एक कोटी पौंड कमी खर्चात झाले. रेल्वेच्या कामात हे इतके दुर्मीळ आहे की तेथील लोक ते आवर्जून सांगतात. आरंभी दोन तासांना एक असलेली गाडी मे २०२२ पासून तासाला एक झाली. एक्सेटर साधारण चाळीस मिनिटांवर आले आणि प्रवाशांनी पहिल्याच वर्षी सारे अंदाज मागे टाकले.

प्रश्न : याच गावाला वळसा घालणारा ए-३० हा महामार्ग डार्टमूर राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतून नेला आहे. संरक्षित भूमीतून रस्ता कसा नेता आला? – एक वाचक, ठाणे

उत्तर : सहजासहजी नेता आला नाही. लंडनकडून कॉर्नवॉलला जाणारा हा रस्ता पूर्वी गावाच्या भरबाजारातून, फोर स्ट्रीटवरून जात असे, आणि उन्हाळ्याच्या सुटीत शनिवारी तेथे मोटारींची रांग हलत नसे. या कोंडीवर रेल्वेने एक मजेदार तोड काढली होती. १९६० ते १९६४ या काळात उन्हाळ्यातील शनिवारी लंडनजवळच्या सर्बिटनहून मोटारी गाडीवर चढवून थेट ओकहॅम्प्टनला उतरवल्या जात, आणि मालक तेथून त्या कॉर्नवॉलकडे हाकत नेत.

वळणरस्ता हवा यावर मतभेद नव्हता. तो उत्तरेकडून शेतजमिनीतून न्यावा की दक्षिणेकडून उद्यानाच्या कडेतून, हा वाद होता. संसदेच्या दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीने दक्षिणेकडील आखणीविरुद्ध कौल दिला असतानाही सरकारने १९८५ साली स्वतंत्र कायदा करून तीच आखणी कायम केली, आणि १९८८ साली रस्ता खुला झाला. फोर स्ट्रीट मोकळी झाली हे खरे. तरी उद्यानासाठी केलेल्या नियमांना बगल देण्यासाठी कायदाच करावा लागला, याची बोच तेथील निसर्गप्रेमींच्या मनात राहिली असल्यास त्यांना दोष देता येणार नाही.

प्रश्न : रेल्वे पुढे टॅव्हिस्टॉकपर्यंत जाण्याची शक्यता आहे का? – पहिलेच वाचक, सातारा

उत्तर : नजीकच्या काळात नाही. पलीकडचा मार्ग गेला आहे, मेल्डनचा पूल आता गाडीचे वजन पेलू शकत नाही, आणि बंद मार्ग उघडण्याची ती योजनाच जुलै २०२४ मध्ये नव्या सरकारने गुंडाळली. गावाच्या पूर्वेला महामार्गालगत मोटारी ठेवून गाडी धरता यावी, अशा दुसऱ्या स्थानकासाठी मात्र २०२३ साली निधी मंजूर झाला. पुढच्या खेपेस आपल्याला टॅव्हिस्टॉक पाहायचे असेल, तर ओकहॅम्प्टनला गाडीतून उतरून ११८ क्रमांकाची बस धरावी. पायांत बळ असेल, तर सायकल घेऊन जुन्या रेल्वेच्या वाटेने पूल ओलांडत लिडफर्डपर्यंत जाता येईल. ही वाट सुमारे अकरा मैलांची आहे.