रात्री मुंबईतून सहार विमानतळावर गाडी नेताना: माझं उत्तर

तुमचा प्रश्न वाचला. सांगलीहून स्वतःची गाडी काढायची, आई-बाबांना पहाटेच्या विमानासाठी सहारला सोडायचं, मुंबईत गाडी चालवायची पहिलीच वेळ, आणि रात्री दोन-तीन वाजता रस्ते मोकळेच असणार तेव्हा अडचण काय, असं तुम्ही विचारलंय. आमच्या घरीही अगदी हेच बोलणं झालं होतं, फक्त कराडहून. म्हणून जरा लांब लिहितोय.

कागदपत्रं, टायरची हवा, झोप, फास्टॅगमधली शिल्लक हे सगळं तुम्ही बघालच. पेठ नाक्यापासून कळंबोलीपर्यंतही काही सांगत नाही, तो आपल्या पायाखालचा रस्ता आहे. माझं म्हणणं त्यापुढच्या भागाबद्दल आहे.

रात्री मुंबईत गर्दी कमी असते हे खरं. पण दिवसा जी कामं करता येत नाहीत ती सगळी रात्रीच निघतात. मेट्रोचे गर्डर रात्री चढवतात, काँक्रिटीकरण रात्री चालतं, पुलाचे सांधे रात्री बदलतात. तुमच्या वाटेवर मानखुर्द-चेंबूर पट्ट्यात मेट्रो 2ब चे खांब आहेत, पुढे कुर्ल्याकडे सांताक्रूझ-चेंबूर लिंक रोडचा दुमजली पूल आहे. अशा ठिकाणी आज एखादा रॅम्प बंद आणि उद्या चालू असं होऊ शकतं, आणि नकाशाला ते कळतंच असं नाही. 2024 पासून गूगल मॅप्स काही शहरांत पुढे उड्डाणपूल आहे हे सांगतो. तो पूल आज रात्री बंद आहे का, हे मात्र त्याने सांगितलं तर नशीब. दिवसा पुढच्या दहा गाड्या वळताना दिसल्या की आपणही वळतो. रात्री पुढे गाडीच नसते, आणि असली तर ती ऐंशीने चाललेली असते.

आमच्या बाबतीत नेमकं हेच झालं. धाकट्या भावाला विमानतळावरून घेऊन परत निघालो होतो. शहराच्या पूर्व भागात एका पुलाची उतरण कामासाठी बंद केली होती. बंद म्हणजे काय, तर एक पत्र्याचं बॅरिकेड बाजूला सरकलेलं, त्याच्यामागे काँक्रीटचे ठोकळे आणि राडारोडा. दिवा नाही, चमकणारी पट्टी नाही, लाल झेंडा घेतलेला माणूस नाही. पुढची जीप शेवटच्या क्षणी उजवीकडे निघाली आणि आमची गाडी ठोकळ्यावरून गेली. कुणाला लागलं नाही. पण ऑइल चेंबर (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) फुटलं आणि पुढची दोन्ही चाकं गेली.

इथे एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. चेंबर फुटलं असं वाटलं की इंजिन लगेच बंद करा आणि परत चालू करू नका. 'एवढी पुलाखाली घेऊ' म्हणून चालवली आणि इंजिन जाम झालं, तर विमा कंपनी साधारणपणे ते नुकसान देत नाही. मूळ धडकेमुळे झालेलं नव्हे, नंतर गाडी चालवल्यामुळे झालेलं, असं त्यांचं म्हणणं असतं. आमच्यासोबत भाऊ होता, त्याला हे माहीत होतं म्हणून इंजिन वाचलं. गाडी जागेवरून टोचन करूनच हलवा. गाडी कंपनीची किंवा विम्याबरोबर आलेली रस्त्यावरच्या मदतीची सेवा असेल तर तो नंबर आजच फोनमध्ये घाला. काही झालंच तर उतरताना आधी माणसं कठड्याच्या बाजूला न्या, हॅझर्ड लावा, त्रिकोण बराच मागे ठेवा, मग 112 ला फोन.

विम्याचं काम तसं सरळ झालं. आम्हाला सगळ्यात जास्त नडलं ते एक सरकारी कार्यालय. नाव लिहीत नाही. माझी मागणी भरपाईचीसुद्धा नव्हती सुरुवातीला. त्या जागी दिवा लावा, उद्या तिथे दुचाकीवाला मरेल, एवढंच सांगायचं होतं. ऑनलाइन तक्रार करायला गेलो तर मुंबईतला पत्ता आणि विभाग भरल्याशिवाय फॉर्म पुढे जाईना. कराडचा माणूस कुठला विभाग भरणार? पुलाच्या जवळचा विभाग टाकला, तर 'रस्ता आमच्या अखत्यारीत नाही' म्हणून तक्रार निकाली. दुसरीकडे पाठवली तर ते म्हणाले काम ठेकेदाराचं, ठेकेदाराला विचारा. ठेकेदार कोण, ते सांगेनात. प्रत्यक्ष गेलो तेव्हा टेबलापलीकडच्या साहेबांनी विचारलं, 'रात्री एवढ्या उशिरा बाहेर पडायची गरज काय होती?' विमान पहाटे उतरतं, त्यात आमची काय गरज आणि काय हौस? तो प्रश्न आजही डोक्यातून जात नाही.

मग माहितीचा अधिकार वापरला. फी 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. रात्रीच्या कामाची परवानगी आणि वाहतूक पोलिसांचं ना-हरकत पत्र मागितलं. उत्तर आलं, 'सदर माहिती या कार्यालयाशी संबंधित नाही.' आता कायदा बघा. 2005 च्या कायद्यात कलम 6(3) आहे. माहिती दुसऱ्या कार्यालयाकडे असेल तर अर्ज 5 दिवसांत तिकडे पाठवायची जबाबदारी त्यांची. अर्जदाराला परत पाठवायचं नसतं. पहिल्या अपिलात एवढा एकच मुद्दा लिहिला आणि अर्ज योग्य जागी गेला. मी वकील नाही, तुमच्यावर अशी वेळ आली तर जाणकाराला विचारा. पण हे कलम लक्षात असू द्या.

मूळ घोळ हा की मुंबईत रस्त्याला मालक अनेक. सायन-पनवेल मार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याचा, सागरी सेतू रस्ते विकास महामंडळाचा, अटल सेतू एमएमआरडीएचा (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण). शहरातले पूर्व आणि पश्चिम द्रुतगती मार्ग 2022 मध्ये एमएमआरडीएकडून महापालिकेकडे गेले. शिवाय काम चालू असेल तिथे आणखी वेगळं खातं. बाहेरच्या माणसाने हे ओळखायचं कसं? म्हणून काही झालं तर गाडीच्या फोटोआधी बॅरिकेडवरच्या नावाचा, जवळच्या खांबाच्या क्रमांकाचा आणि बंद रस्त्याच्या पूर्ण दृश्याचा फोटो घ्या. सकाळी तिथे दिवे लागलेले असतात. (मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये खड्डे आणि उघड्या मॅनहोलच्या बळींसाठी भरपाई ठरवून दिली आहे, मृत्यूला 6 लाख, जखमीला 50 हजार ते अडीच लाख. तो निकाल माणसांसाठी आहे, गाडीच्या नुकसानीला लागू होत नाही.)

आता माझं स्पष्ट मत. काहींना पटणार नाही, रोज गाडी चालवणारे मुंबईकर तर हसतीलच. तुम्ही वाशीपर्यंत गाडी न्या, ओळखीच्यांकडे किंवा नीट पार्किंगमध्ये लावा, आणि शेवटचे वीसेक किलोमीटर टॅक्सीने जा. गाडीत म्हातारे आई-बाबा, सामान, विमानाची वेळ आणि अनोळखी पूल, हे सगळं एकाच रात्री अंगावर घ्यायची गरज नाही. टॅक्सीचं भाडं चेंबरच्या बिलापुढे काहीच नाही.

तरीही स्वतःच न्यायची असेल तर खाडीपूल ओलांडल्यावर डोळे रस्त्यावर आणि फोन शेजारच्या माणसाच्या हातात. तो फक्त 'पुलावर' की 'पुलाखालून' एवढंच सांगेल. चुकलात तर चुकू द्या, मागे घेऊ नका, पुलावर थांबू नका, पुढून वळसा घ्या. त्यासाठी घरातून निघतानाच तासभर जास्त धरा. पिवळा सिग्नल लुकलुकत असेल तिथे हळू करून दोन्हीकडे बघा, आडव्या रस्त्याचा टँकर तुमच्यासाठी थांबेल असं धरू नका. वाशी नाक्यावर कारला ऑक्टोबर 2024 पासून टोल नाही, तेव्हा तिथे उगाच लेन शोधत रेंगाळू नका. कुणी अटल सेतू सुचवला तर तो शिवडीला उतरतो, सहारसाठी तुमच्या उपयोगाचा नाही. नाकाबंदीत अडवलं तर डिजिलॉकरमधली कागदपत्रं चालतात. पावसाळ्यात जाणार असाल तर अंधेरी सबवेचं नावही काढू नका.

आई-बाबांना सोडल्यावर लगेच परत फिरू नका, हे हात जोडून सांगतो. रात्रभर चालवून पहाटे साडेचार-पाचला घाट चढताना डोळा लागतो. दोन तास झोपा, मग निघा.

तिकिटावर टर्मिनल आणि विमानतळ दोन्ही तपासा. आता नवी मुंबईचाही विमानतळ सुरू आहे, आणि तो पनवेलजवळ असल्याने तुमचं विमान तिथलं असेल तर हे निम्मं उत्तर लागणारच नाही. काय लिहिलंय ते इथे कळवा, आणि किती वाजता पोचायचंय तेही. त्याप्रमाणे कळंबोलीपासून पुढची वाट खुणांसकट लिहून देतो.