सड्यावरच्या लेखाचा पत्ता

रत्नागिरी, श्रावण

प्रिय बाय,
अनेक आशीर्वाद.

कॉलेजच्या मुक्त, म्हणजे कुणालाही फुकट वाचता येणाऱ्या नियतकालिकाचं काम तुझ्याकडे आलं आणि पहिल्याच बैठकीत 'आपण कुठल्या यादीत आहोत?' हा प्रश्न निघाला, हे वाचलं. यूजीसीने मान्य नियतकालिकांची आपली केअर यादी फेब्रुवारी 2025 मध्ये बंद केली, तरी सवय इतक्यात जायची नाही. डीओएजे या मुक्त नियतकालिकांच्या जागतिक सूचीकडे अर्ज जरूर कर. 2003 साली स्वीडनच्या लुंड विद्यापीठात 300 नियतकालिकांवर सुरू झालेल्या त्या सूचीत आज 20 हजारांहून जास्त आहेत. अर्जाला पैसे पडत नाहीत, मराठीची आडकाठी नाही. मात्र 2014 साली त्यांनी निकष कडक करून सगळ्यांना पुन्हा अर्ज करायला लावले होते, आणि ज्यांनी मुदतीत केले नाहीत अशी तीन हजारांवर नियतकालिकं 2016 मध्ये वगळली गेली.

माझी खरी काळजी वेगळी आहे. यापुढे लेख शोधणारी माणसं यादी उघडून बसणार नाहीत. 2022 पासून चालू असलेला ओपनअ‍ॅलेक्ससारखा संशोधन-लेखांच्या नोंदींचा मुक्त साठा क्रॉसरेफ (लेखांना डीओआय हा कायमचा क्रमांक देणारी संस्था) आणि इतर ठिकाणच्या नोंदी आपोआप गोळा करतो. तिथे तुमचा लेख पोचतो तो मेटाडेटा, म्हणजे लेखाविषयीची माहिती होऊन: शीर्षक, लेखक, सारांश, संदर्भ, परवाना. ती नोंद अर्धवट असली, तर चांगला लेखही कुणाला सापडत नाही.

मराठीत ही अडचण दुप्पट. तुमच्या मागच्या अंकातला बारसूच्या कातळशिल्पांवरचा लेख मी दोनदा वाचला, इतका आवडला. पण त्याची पीडीएफ स्कॅन केलेली आहे, म्हणजे यंत्राच्या लेखी नुसता फोटो. जुन्या फॉन्टातले अंक तर त्याहून अवघड. वरून देवनागरी दिसते, आत रोमन अक्षरांचा गुंता, त्यामुळे 'कातळशिल्प' शोधलं तर काहीच हाती लागत नाही. सगळं युनिकोडमध्ये आण. शीर्षक देवनागरीत दे, रोमन लिपीत दे, इंग्रजी सारांशही दे. बाहेरचा अभ्यासक कातळशिल्पासाठी 'जिओग्लिफ' किंवा जांभ्यासाठी 'लॅटराइट' शोधणार. 'सडा' म्हणजे आपलं जांभ्याचं पठार, हे त्याला ठाऊक नाही. म्हणून सडा काढून मात्र टाकू नकोस, दोन्ही शब्द शेजारी ठेव. आपल्या जमिनीचे शब्द जगाच्या नोंदीत जायचे तर ते आपणच घालायला हवेत. लेखकांची नावंही रोमनमध्ये दर वेळी वेगळी लिहिली जातात आणि एका माणसाची तीन माणसं होतात. प्रत्येकाकडून 16 अंकी ऑर्किड क्रमांक, म्हणजे संशोधकाची कायमची ओळख, मागून घे, संकोच करू नकोस.

आणि जतन. मी ज्या नियतकालिकाचं काम पाहत होतो, त्याच्या डोमेनचं नूतनीकरण एका वर्षी राहून गेलं. सात वर्षांचे अंक गेले. खाडीतल्या कालवांवर मुलांनी भरती-ओहोटीच्या वेळा सांभाळून, चिखलात उभं राहून केलेल्या नोंदी होत्या त्यांत. अजून एखादा माजी विद्यार्थी फोन करतो, "सर, माझा लेख कुठे मिळेल?" मला उत्तर देता येत नाही. तुम्ही नियतकालिक चालवायला ओजेएस हे सॉफ्टवेअर वापरता. नियतकालिकाला आयएसएसएन हा ओळख-क्रमांक असेल तर ओजेएस बनवणाऱ्या मंडळींची जतनाची सोय फुकट आहे, फक्त ती सुरू करावी लागते. हे काम आजच कर, अर्ज उद्या केलास तरी चालेल.

रविवारी घरी ये. येताना जुने अंक पेनड्राइव्हवर आण, फॉन्ट बदलायला आपण दोघं बसू.

तुझे,
ग्रंथपाल सर